समाईलच्या पुढचा रेडिओ

"संध्याकाळपर्यंत गाडी लागणार नाही ना तुम्हाला?" वैशालीनं तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही म्हटलं ना," पायात चप्पल सरकवत प्रेमानंद म्हणाला. "मला न्यायला येतायत. बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाची मीटिंग म्हणजे चार वाजतील. का गं?"

"काही नाही. धुवून काढावी म्हणते."

प्रेमानंदनं बायकोकडे पाहिलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि त्या काळात वैशालीनं गाडीवर पाण्याचा थेंबही टाकलेला नव्हता. पण प्रश्न विचारण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. "बरं," म्हणून तो जिना उतरला. वैशालीनं पलंगाखालून खोकं ओढून काढलं.

खोक्यात सॅटेलाइट रेडिओ होता. मस्कतमधल्या रूवीच्या बाजारातल्या दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, की डोंगराआड जा, वाळवंटात जा, आवाज थेट आकाशातून येणार. वैशालीला वाळवंटाशी देणंघेणं नव्हतं. तिला समाईलच्या पुढचा रस्ता हवा होता.

प्रेमानंदची साइट निझव्याजवळ होती. रविवार, मंगळवार आणि गुरुवार, आठवड्यातून तीन दिवस दार्सैतच्या घरून सकाळी सव्वासातला निघायचं, दीडपावणेदोन तास गाडी चालवायची आणि संध्याकाळी तेवढंच अंतर परत. त्यांच्या जुन्या गाडीतला रेडिओ समाईलपर्यंत साथ देई. पुढे डोंगर सुरू झाले की नुसती खरखर. महिन्याभरापूर्वी एकदा जेवताना तो सहज बोलून गेला होता, "आज जराशी झापड आली गाडीत. चाक कडेच्या पट्टीवर गेलं, खडखड झाली म्हणून जागा झालो." आणि लगेच, "भात आहे अजून?"

वैशालीनं भात वाढला. "फोनवर गाणी लावत जा," ती म्हणाली.

"गाण्यानं उलट झोप येते. कुणी बोलत असलं की येत नाही."

आता बोलणारं माणूस आणायचं कुठून? त्यांच्या घरातलं सगळं बोलणं लेकीच्या, यशश्रीच्या नावावर होतं. ती गेल्या वर्षी कॉलेजसाठी पुण्याला गेली आणि जाताना ते सोबत घेऊनच गेली. मागे उरलेल्या दोघांचं 'भात वाढू का' आणि 'गिझर बंद केलास का' एवढ्यावर भागत होतं. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. नुसती सवय मोडली होती.

म्हणून हा रेडिओ. आणि तो बसवायचाही स्वतः. नाशिकच्या पॉलिटेक्निकमधून वैशालीनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता, तोही पहिल्या वर्गात. पण गेली बारा वर्षं ती गाला भागातल्या एका ट्रेडिंग कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होती, म्हणजे इतरांच्या ड्रॉइंगवर नंबर घालून ती फायलीत लावत होती. आज तिनं कपाटातून सोल्डरिंगची कांडी काढली, साडीच्या जुन्या तुकड्यानं पुसली आणि पदवीदान समारंभाला निघावं तशी ती खाली पार्किंगमध्ये उतरली.

सुरुवात छान झाली. कॉलेजात शिकवल्याप्रमाणे तिनं आधी बॅटरीची तार काढली. डॅशबोर्डची प्लॅस्टिकची चौकट चमच्याच्या दांड्यानं सोडवली. एक खाच तुटली, पण ती दिसण्यासारखी नव्हती. जुना रेडिओ दाढ उपटावी तसा बाहेर आला आणि त्याच्यामागून तारांचा एक गुंता लोंबू लागला. वैशालीनं चष्मा वर सारला. लाल, पिवळी, काळी जुळली. स्पीकरच्या तारांचा पांढरा प्लग जुळला. राहिल्या फक्त स्टिअरिंगवरच्या बटणांच्या दोन बारीक तारा. पुस्तिकेत त्या तपकिरी होत्या. गाडीत तपकिरी तारा चार होत्या.

तिनं त्यातल्या त्यात तपकिरी दिसणाऱ्या दोन निवडल्या, त्यांची टोकं सोलली आणि बघू तरी म्हणून बॅटरीची तार पुन्हा जोडली.

हॉर्न वाजायला लागला.

थांबून थांबून नव्हे. एखाद्याचं बोट बटणावर चिकटून बसावं तसा एकसलग, दार्सैतच्या दोन्ही टेकड्यांवर आपटून परत येणारा. निवडलेल्यातली एक तार हॉर्नची होती आणि तिचं उघडं टोक पत्र्याला टेकलं होतं. वैशाली बॅटरी काढायला बॉनेटकडे धावली आणि घाईत तिच्या हातातला पाना इंजिनाच्या पोटात पडला. ठण्ण करून कुठंतरी अडकला.

शुक्रवारची सकाळ. कृष्णमंदिराकडे निघालेली माणसं रस्त्यावर थबकली. बाल्कन्यांतून डोकी बाहेर आली. खालच्या लॉन्ड्रीतला आदिल हातात इस्त्री तशीच धरून बाहेर आला. "भाभी, किसको बुला रही हो इतनी देर से?"

"पाना!" वैशाली ओरडली. "पाना दो कोई!"

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे लहूभाऊ लुंगी सावरत धावत आले. ते देवगडचे, एसीचे मेकॅनिक. पान्याशिवाय घराबाहेर न पडणारा माणूस. त्यांनी दोन झटक्यांत तार काढली आणि एकदम झालेल्या शांततेत सगळ्यांच्या कानांत दडे बसले.

"वहिनीनू, ह्यां काय मांडलास?" लहूभाऊंनी गाडीच्या उघड्या पोटाकडे पाहत विचारलं. "माका सांगूचा ना!"

"मला येतं हो," वैशाली म्हणाली. तिच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता आणि बोटाला पत्रा लागून रक्त येत होतं. "चुकीची तार धरली, एवढंच."

लहूभाऊंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढे केलेला हात मागे घेतला. "मग मी नुसतो उभो रवतंय. पानो लागलो तर मागा."

दुपारी एकपर्यंत दुसरी जोडी सापडली. हॉर्न गप्प राहिला, सेटचा पडदा उजळला. त्यावर अक्षरं आली: 'सिग्नल नाही.' छपरावर चिकटवायच्या अँटेनाला मोकळं आकाश लागतं, असं पुस्तिकेत लिहिलं होतं आणि गाडी होती पार्किंगच्या पत्र्याखाली. बाहेर काढायला गेले तर ती सुरूच होईना; दोन तास उघडी दारं, दिवे आणि हॉर्न यांनी बॅटरी बसली होती.

मग आदिलनं इस्त्री ठेवली, लहूभाऊंनी लुंगी खोचली आणि देवळातून परतणारे दोघे अनोळखी गुजराती गृहस्थही हातभार लावायला आले. "यल्ला, यल्ला! चलो, चलो!" आदिल ओरडत होता. वैशाली स्टिअरिंगवर बसली होती. चढावर ढकलत ढकलत गाडी कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत पोचली. एका टॅक्सीवाल्यानं आपल्या बॅटरीची वायर तिच्या बॅटरीला लावली, गाडी सुरू झाली आणि गाडीतून एक बाई शुद्ध मराठीत म्हणाली, "कांद्याच्या रोपांवर करपा दिसू लागताच शेतकरी बंधूंनी घाबरून जाऊ नये."

वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. गुजराती गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या.

नेमक्या त्याच वेळी, मीटिंग लवकर आटोपून, प्रेमानंद मित्राच्या गाडीतून उतरला. त्यानं घर सोडून चौकात उभी असलेली आपली गाडी पाहिली, गाडीभोवतीची गर्दी पाहिली, मध्ये तोंडाला ग्रीस लागलेली बायको पाहिली.

"धुतली?" त्यानं विचारलं.

"तुमच्यासाठी," वैशाली म्हणाली आणि रेडिओकडे बोट दाखवलं. "समाईलच्या पुढेसुद्धा लागणार. आणि फोन पण जोडता येतो. द्या इकडे." तिनं त्याचा फोन सेटला जोडला, काचेवरच्या, ऊन अडवायच्या झडपेला लावलेल्या चिमुकल्या माइकसमोर "हॅलो, हॅलो" केलं, सेटवरूनच स्वतःचा नंबर फिरवला. तिच्या पर्समधला फोन वाजला आणि पुन्हा एकदा टाळ्या पडल्या.

प्रेमानंद जवळ आला. तिच्या चिंधी बांधलेल्या बोटाकडे पाहत राहिला.

गाडी घरी आणल्यावर वैशालीनं सेट आपल्या जागी आत सारला. तो बोटभर बाहेरच राहत होता. तिनं दोन्ही तळव्यांनी दाबला. आत कुठंतरी 'टक्' झालं. क्लिप बसली, असं तिनं मानलं. पत्र्याखाली पडद्यावर पुन्हा 'सिग्नल नाही' आलं होतं, म्हणजे आवाज नसणारच. बॅटरी आणखी खायला नको म्हणून तिनं बंद केला आणि वर जाऊन ती दिवा न लावताच झोपून गेली.

रविवारी संध्याकाळी ती दारातच उभी होती.

"लागला?"

प्रेमानंदनं डबा खाली ठेवला. "एकदम क्लिअर."

"समाईलच्या पुढे?"

"पुढे जास्तच."

"काय होतं आज?"

प्रेमानंदनं पंख्याकडे पाहिलं. "कांदा होता थोडा. आणि मग ते... एका म्हातारीची मुलाखत. डोंगरातल्या गावातली. आमिना म्हणून."

"अरबीत? तुम्हाला कसं कळलं?"

"हिंदीत सांगत होते ना मागून." तो जेवायला बसला. पण वैशाली वाट पाहत होती म्हणून पुढे म्हणाला, "तिची एक बकरी आहे. ती पिकअपमध्ये मागं बसतच नाही. ड्रायव्हरशेजारी, पुढच्या सीटवर बसते."

"अगंबाई! का?"

"ते... मंगळवारी सांगणार आहेत."

त्या आठवड्यात प्रेमानंद बोलला तेवढा वर्षभरात बोलला नव्हता. मंगळवारी कळलं, की आमिनाच्या मुलानं मस्कतला घर बांधलंय पण ती यायला तयार नाही. गुरुवारी कळलं, की पुढच्या सीटवर कुणी बसायचं यावरून आमिनाचं आणि बकरीचं पटत नाही. जेवणं लांबू लागली. भात गार होऊ लागला. वैशाली मधेमधे प्रश्न विचारी आणि प्रेमानंद क्षणभर थांबून, जणू आठवतोय अशा चेहऱ्यानं, उत्तर देई. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या रुबिनाला वैशालीनं चार चार वेळा सांगितलं, "मैंने खुद बिठाया है. एकदम क्लिअर आता है."

पुढच्या रविवारी सकाळी आठच्या सुमाराला ती गाल्याला टेबलाशी बसून ड्रॉइंगवर नंबर घालत असताना तिचा फोन वाजला. प्रेमानंद. यावेळी तो रस्त्यात असायचा. गाडीतून तो कधी फोन करत नसे. पेन टाकून तिनं फोन उचलला.

"हॅलो?"

उत्तर नाही. इंजिनची घरघर. टायरांचा आवाज. मग एक खोल उसासा आणि प्रेमानंदचा आवाज, "मेली."

"अहो!" वैशाली खुर्चीवरून उठली. "काय झालं? कोण? अहो, ऐकू येतंय का?"

"मेली म्हणावं का?" प्रेमानंद म्हणाला. "नको. बकरी मेली म्हटलं तर वैशाली जेवायची नाही."

वैशाली हळूहळू खाली बसली.

"मग बसत का नाही मागं? भीती वाटते? नाही, भीती कुणालाही सुचेल. मागं बसलं की... वारं लागतं. वाऱ्यानं काय होतं? कान! कान दुखतात बकरीचे." स्टिअरिंगवर थाप मारल्याचा आवाज. "वा रे पठ्ठ्या! कान."

"क्या हुआ? सब ठीक?" रुबिनानं घाबरून विचारलं.

"हां," फोन कानाला तसाच लावून वैशाली म्हणाली. "रेडिओ सुन रही हूँ."

काय झालं असावं, ते तिच्यातल्या डिप्लोमाला मिनिटाभरात कळलं. तो 'टक्' क्लिप बसल्याचा नव्हता. स्पीकरचा पांढरा प्लग सुटल्याचा होता. पहिल्या रविवारपासून गाडीत चकार शब्द उमटला नव्हता. आणि स्टिअरिंगच्या तारा अजूनही चुकल्याच होत्या. आवाज वाढवायच्या बटणावर त्याचा अंगठा पडला असणार आणि सेटनं त्याला ठाऊक असलेला एकमेव नंबर फिरवला असणार. माइक चालू, स्पीकर मुका. तिला सगळं ऐकू येत होतं, त्याला काहीच नाही.

"खरं सांगून टाकावं का तिला?" तिकडे प्रेमानंद विचारत होता, विंडस्क्रीनला किंवा पुढच्या ट्रकला. "पण कसं सांगणार? बारा वर्षांनी हातात कांडी धरली तिनं. बोट कापून घेतलं. त्या दिवशी चौकात तिचा चेहरा कसला झाला होता... डिप्लोमाचा रिझल्ट दाखवायला आली होती ना मला, तेव्हाचा. तसाच." गियर बदलल्याचा आवाज आला. "आणि मला तरी काय, झोप येत नाही आता. बकरीचं टेन्शन."

वैशालीनं समोरचं ड्रॉइंग उलटं धरलं होतं. ते तिला दिसत नव्हतं.

संध्याकाळी बकरीचे कान दुखत असल्याचं तिनं पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं. "मग आमिनानं तिच्या कानाला फडकं का नाही बांधलं?" तिनं विचारलं. प्रेमानंदनं कालवलेला भात पुन्हा कालवला. "ते विचारलं नाही त्यांनी," तो म्हणाला. "मंगळवारी विचारतील बहुतेक."

सोमवारी तो ऑफिसच्या बसनं गेला, तेव्हा ती टॉर्च घेऊन गाडीत बसली. चौकट सरकवली. पांढरा प्लग लोंबत होता. दहा सेकंदांचं काम. तिनं प्लग बोटांत धरला, जरा वेळ धरून ठेवला आणि चौकट पुन्हा लावून टाकली.

मंगळवारीही आठला फोन वाजला. अठ्ठेचाळीस मिनिटं. बकरीच्या फडक्याचा रंग ठरला, आमिनाच्या मुलाला बायको मिळाली आणि समाईलच्या पुढे प्रेमानंदनं एक जुनी लावणी भलत्याच चालीत म्हटली. वैशालीनं मीटिंगला उशीर केला.

गुरुवारी मात्र फोन उचलताच वेगळाच आवाज आला. घसा साफ केलेला, जरा कडक इस्त्रीचा.

"नमस्कार. निझवा रस्त्यावरून प्रेमानंद वानखडे बोलतोय. परवा येताना पेट्रोल भरायला थांबलो, तेव्हा फोन बघितला. आपल्या कार्यक्रमाला गाल्यात एक श्रोता आहे आणि तो अठ्ठेचाळीस मिनिटं कार्यक्रम ऐकतो, असं लक्षात आलं. आज बटण मुद्दाम दाबलंय."

वैशालीनं तोंडावर हात दाबला. कानांपर्यंत लाल होत ती उठून झेरॉक्सच्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

"श्रोत्यांना काही म्हणायचं असल्यास," तिकडून निवेदन चाललं होतं, "आमच्याकडे ऐकण्याची सोय नाही. बिघाड आहे. तो कुठं आहे ते श्रोत्यांना माहीत असणार. पण कळवलं नाही त्यांनी. का, ते मी विचारणार नाही."

"कारण तुम्ही बोलत होता," वैशाली म्हणाली. त्याला ऐकू जात नव्हतं. आणि ऐकू जात नाही म्हटल्यावर तिची जीभ मोकळी झाली. "किती दिवसांनी बोलत होता. यशू गेल्यापासून मी रोज संध्याकाळी तिच्या खोलीतला दिवा लावून ठेवते, तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही यायच्या आधी मालवते. उगाच तुम्हाला वाईट वाटायला नको म्हणून. आणि त्या दिवशी झापड आली म्हणालात ना, तेव्हापासून तुम्ही घरी पोचेपर्यंत माझा जीव..."

"फंजा गेलं," प्रेमानंद म्हणाला. "उजव्या हाताला एक माणूस कलिंगडं विकतोय. चांगली दिसतायत. येताना घेतो."

"घ्या," वैशाली डोळे पुसत म्हणाली. "पिकलेलं बघून घ्या."

शुक्रवारी सकाळी दोघं खाली उतरले. त्यानं टॉर्च धरली, तिनं चौकट काढली. प्लग बसवला, स्टिअरिंगच्या तारा मात्र, "राहू देत तशाच," असं तो म्हणाल्यामुळे राहू दिल्या. गाडी बाहेर उघड्यावर घेतली. रेडिओ कडाडला. एक गृहस्थ परदेशी बाजारपेठांबद्दल श्वास न घेता बोलू लागले. दोघांनी पाच मिनिटं आदरानं ऐकलं.

"किती बोलतो हा माणूस!" प्रेमानंद म्हणाला आणि त्यानं बंद केला.

रविवारी आठ वाजता फोन आला. वैशाली आधीच झेरॉक्सच्या खोलीत जाऊन बसली होती.

"हॅलो," ती म्हणाली.

"हॅलो," तो म्हणाला. तिचा आवाज गाडीच्या चारी कोपऱ्यांतून आला असणार, कारण तो जरा दचकलाच.

मग कुणीच बोलेना. इंजिन घरघरत होतं. वैशालीनं झेरॉक्सच्या मशीनवरची धूळ बोटानं पुसली.

"डबा खाल्लात?"

"अजून नाही. गिझर बंद केलास?"

"हो."

पुन्हा शांतता. समाईल आलं असावं. वैशालीला वाटलं, झालं, हेही गेलं. ती फोन ठेवण्याच्या बेतात होती.

"वैशाली," प्रेमानंद म्हणाला. "आवाज शून्यावर करतोय मी. मला काही ऐकू येणार नाही. तू बोल."

"पण मग तुम्ही..."

"केला बघ. आता काही ऐकू येत नाही."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग दाराला पाठ लावून ती फरशीवर बसली आणि तिनं सुरुवात केली. ऑफिसात तिनं आजवर कुणाकुणाच्या ड्रॉइंगचे नंबर चुकवून ठेवले होते इथपासून. नाशिकला असताना प्रॅक्टिकलच्या परीक्षेत तिनं बनवलेल्या घंटीचा धक्का तपासायला आलेल्या सरांना कसा बसला आणि त्यांचा केसांचा टोप उडून थेट तिच्याच टेबलावर कसा पडला, इथपर्यंत ती आली, तेव्हा फोनमधून, डोंगरांमधल्या त्या रस्त्यावरून, कुणीतरी हसू दाबल्यासारखा एक चमत्कारिक आवाज आला.

तो आपल्याला ऐकू आलाच नाही असं वैशालीनं ठरवलं, आणि ती पुढे सांगत राहिली.